काळोखाची बेगमी

सांगलीत रंगाच्या दुकानात काळा रंग मागितला की पहिला प्रश्न येतो, "ग्रीलला का?" भिंतीला हवाय म्हटलं तर दुकानदार शेडकार्ड अर्धं उघडं ठेवून पुन्हा एकदा विचारतो, "भिंतीला?" त्याचं काही चूक नाही. आपल्याकडे भिंत म्हणजे पिस्ता, बदामी नाहीतर ऑफव्हाइट. काळी भिंत असते ती शाळेत, आणि तिला फळा म्हणतात. बैठकीची खोली गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या जुन्या चर्चसारखी काळोखी, करायचा बेत घरी फुटला की आजीचा प्रश्नही ठरलेला: "का रे, कोण गेलंय?"

बरं, काळ्याशी आपलं वैर आहे म्हणावं तर तसंही नाही. संक्रांतीला काळी चंद्रकळा लागते, मंगळसूत्रात काळे मणी लागतात, बाळाच्या गालाला काळी तीट लागते. विठ्ठल काळा, सांगलीचं गणपती मंदिर काळ्या दगडाचं. अंगावर चालतो, गाभाऱ्यात चालतो, फक्त बैठकीच्या खोलीत आला की अपशकुन. एवढी गोष्ट घरातल्यांच्या गळी उतरली की गॉथिक घराचं निम्मं काम झालं, आणि त्याला खर्च शून्य.

गॉथिक हा शब्द मुळात हिणवण्याचा. बाराव्या शतकात पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसच्या चर्चमध्ये टोकदार कमानींची ही बांधणी रूप घेऊ लागली. पुढे सोळाव्या शतकात इटलीतल्या रोमन घडणीच्या अभिमान्यांनी तिला रानटी गॉथ टोळ्यांचं नाव चिकटवलं. आपल्याला ती भेटते मुंबईला, १८८८ साली पुरी झालेल्या व्हीटी स्टेशनात. तिथला दगड आणि तिथलं कोरीव काम बघून कोणाच्याही मनात येईल, की हा राजेरजवाड्यांचा शौक, आपलं काम नव्हे. पण घरातल्या गॉथिकची कुळकथा वेगळी आहे. लंडनजवळ ट्विकनहॅमला होरेस वॉलपोल नावाच्या गृहस्थांनी १७४९ पासून स्वतःचं घर गॉथिक करायला घेतलं. त्या घराच्या मोठ्या दालनाचं छत चर्चच्या दगडी छतासारखं दिसतं, आणि आहे कागदाच्या लगद्याचं. जिन्याच्या भिंतींवरची दगडी जाळी कागदावर रंगवलेली. तेव्हा लगदा, पुठ्ठा, रंगवलेला कागद वापरताना ओशाळायचं कारण नाही. या घराण्याची रीतच ती आहे. आणि लगद्याचे गणपती, पुठ्ठ्याची मखरं करणाऱ्या मुलखाला ते काम शिकवायलाही नको.

पैसे कमी असतील तर ते आधी उजेडावर घालावेत. बहुतेक लोक उलटं करतात. आधी भिंत काळी करतात, वर ती नेहमीची पांढरीफटक ट्यूब तशीच ठेवतात, आणि खोली शवागारासारखी का दिसते म्हणून हळहळतात. ती ट्यूब साधारण ६५०० केल्विनची असते (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तसा उजेड पिवळा). तिच्याखाली काळा रंग निळसर-राखाडी दिसतो आणि माणसं आजारी. हवा तो २२०० ते २७०० केल्विनचा, समईच्या जातीचा उजेड. खोलीच्या मधोमध एक मोठा दिवा नको, ३ ते ५ वॅटचे तीन-चार दिवे हवेत, आणि तेही बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खाली: एक तिपाईवर, एक कोपऱ्यात जमिनीवर, एक कपाटाच्या आड. उजेड खालून आला की सावल्या छताकडे चढतात. गॉथिक म्हणतात ते तेच, बाकीचा सगळा पसारा. एक अडचण मात्र हमखास येते. आपल्या घरातले होल्डर दोन पिनांचे, म्हणजे बी-२२, आणि ते तार दिसणारे पिवळे शोभेचे बल्ब बहुतेक आट्यांचे, म्हणजे ई-२७. सोबत अडॅप्टर घ्यावा, नाहीतर दुसरी फेरी. आणि वाचायला, शिवायला वेगळा चांगला दिवा ठेवावा. काळोखाचा शौक डोळ्यांच्या डॉक्टरच्या खर्चात जायला नको.

भिंत एकच रंगवावी. घर भाड्याचं असेल तर तीही नाही, कापडावर भागवावं. घरमालकाशी रंगावरून वाद घालण्यात मजा नाही. रंगवायचीच तर अगदी काळी न करता काळ्याच्या शेजारची निवडावी: वांगी, गडद शेवाळी, डाळिंबाच्या सालीचा काळपट लाल. १० फूट बाय ९ फुटांची भिंत म्हणजे ९० चौरस फूट. गडद रंगाचे तीन हात धरले तर लिटर-सव्वा लिटर इमल्शन पुरतं. तिसरा हात वाचवायचा असेल तर प्रायमर पांढरा न मारता दुकानातूनच राखाडी करून आणावा. इथे काटकसरीची एक वाट फसवी आहे. पांढऱ्या रंगाचा डबा आणायचा आणि त्यात काळ्या स्टेनरच्या बाटल्या ओतत बसायचं. त्यातून काळा कधीच होत नाही, राखाडी होतो. हट्टाने आणखी ओतला तर रंग नीट वाळत नाही, आणि टेकून बसणाऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरतो. गडद शेडसाठी कंपनीचा वेगळा बेस असतो, तोच मशीनवर मिक्स करून घ्यावा.

चकाकणारा रंग टाळावा, कारण गिलाव्याची प्रत्येक लाट त्यात दिसते. मॅट लाट लपवतो, पण नख घासलं की पांढरी रेघ उठते. दोन्हींत मॅट बरा. रेघेसमोर खुर्ची ठेवता येते. रंगापूर्वी रात्री दिवे घालवून मोबाइलची बॅटरी भिंतीला समांतर धरावी. खड्डे, उंचवटे आपोआप सावली धरून उभे राहतात. तेवढेच पुट्टीने भरायचे आणि १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचे. एप्रिल-मे टाळलेला चांगला, कारण रोलरचा एक पट्टा दुसरा येईतो वाळतो आणि जोड कायमचा दिसतो. पंखा बंद ठेवावा, हे सांगून कोणी ऐकत नाही. आणि ज्या भिंती २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभ्या होत्या, त्यांच्या वाटेला जाऊच नये. त्यांच्या पोटातले क्षार अजून बाहेर येत असतात. पांढऱ्या भिंतीवर लोणा चार महिने झाकून जातो, काळ्या भिंतीवर तो दुसऱ्या आठवड्यात सांडलेल्या मिठासारखा दिसतो.

आता कमान. गॉथिक कमान काढायला इंजिनिअर लागत नाही, दोन खिळे आणि सुतळी लागते. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यावा. दोन थर, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे वाकत नाही. त्यावर २४ इंचांच्या अंतरावर आडव्या रेषेत दोन खिळे ठोकायचे. डाव्या खिळ्याला २४ इंची सुतळी बांधून उजव्या खिळ्यापासून वर वळवत न्यायची, मग उजव्या खिळ्याला बांधून डावीकडून. दोन्ही रेघा मधोमध, रेषेपासून पावणेएकवीस इंचांवर भेटतात. ते टोक. आता सुतळी २० इंचांची करून त्याच खिळ्यांवरून पुन्हा दोन रेघा मारल्या की आतली कमान मिळते, १६ इंच रुंद आणि बरोबर १६ इंच उंच. मधली चार इंचांची पट्टी ही आरशाची चौकट. खाली तीन फुटांचे सरळ पाय सोडावेत. सुतळी रुंदीपेक्षा आखूड घेऊन खिळे आत सरकवले तर कमान बसकी होते, रुंदीपेक्षा लांब घेऊन खिळे बाहेर सरकवले तर निमुळती. टोकदार कमान आपल्याला परकीही नाही. जतच्या पलीकडे विजापूर, तिथे आदिलशाहीने ती भरपूर बांधली. आपली महिरप तेवढी पाकळ्यापाकळ्यांची, तिला गॉथिक म्हणून खपवू नये.

आरसा घेताना बहुतेकांची चूक इथे होते. सरळ आयताकृती आरसा मागे लावला की त्याचे वरचे दोन कोपरे कमानीच्या खांद्यांबाहेर डोकावतात. गोलाईत काच कापायला पैसे फार पडतात, सरळ कापाला कमी. म्हणून १८ इंच रुंदीची काच घेऊन वर छपरासारखे दोन तिरपे काप मारून घ्यावेत. कमान जिथून वळायला लागते तिथून ६ इंचांवर काप सुरू व्हावा आणि २० इंचांवर टोक यावं. काप बरोबर चौकटीच्या पोटात लपतात. दुकानात वर्तमानपत्राचा साचा कापून न्यावा, तोंडी सांगू नये. ४ मिलिमीटरची काच चौरस मीटरला १० किलो भरते, म्हणजे हा आरसा सहा किलोंच्या आसपास. तो पुठ्ठ्याला चिकटवायचा नाही. वेगळ्या फळीवर बसवून जमिनीवरच टेकवून ठेवायचा.

चौकटीवरची नक्षी लगद्याची. रद्दी बारीक फाडून रात्रभर भिजवायची, मिक्सरमधून काढायची (घरातल्या चालू भांड्यातून नव्हे), मुठीने पिळायची. जुन्या बायका लगद्याच्या टोपल्या करताना त्यात भिजवून वाटलेली मेथी घालत. मेथी बांधूनही ठेवते आणि कडूपणामुळे कीडही लांब राहते. किलोभर रद्दीला दोन मुठी मेथी आणि मैद्याची घट्ट खळ. थर पाव इंचाच्या वर नको. जाड थापला तर वरून वाळतो, आतून आंबतो, आणि आठ दिवसांनी आरशाला वास येतो. पुठ्ठ्याला आधी दोन्ही बाजूंनी कागद चिकटवून घ्यावा, नाहीतर ओला लगदा वाळताना चौकटीला पापडासारखी वळवतो. हे काम मार्चचं, फार तर मेचं. जुलैत कृष्णाकाठी लगदा वाळत नाही, उगवतो.

पडद्यांसाठी मखमलीच्या दुकानात जाण्याआधी घरचं कपाट उघडावं. साडेपाच मीटरची गडद साडी म्हणजे १८ फूट. तिचे सात-सात फुटांचे दोन उभे तुकडे, ४५-४५ इंच पन्ह्याचे, शेजारी लावले की साडेसात फूट रुंदी होते. चार फुटी खिडकीला चुण्या पडायला दुपटीच्या जवळ कापड लागतं, तेवढं बरोबर निघतं. एक साडी, एक खिडकी. नऊवारी इरकल असेल तर तीन तुकडे निघतात आणि वर पाटाला झाकणही. रेशीम जुनं असेल तर ते घड्यांवर विरलेलं असतं. अस्तर नसेल तर पहिल्याच ओढीला टर्रकन फाटतं. अस्तर पांढरं लावावं आणि पांढरी बाजू खिडकीकडे. सांगलीच्या उन्हात काळं कापड काचेला लागून राहिलं तर खोलीत तवा टांगल्यासारखं होतं. पांढरी चादर रंगवायची असेल तर ती सुतीच हवी; पॉलिस्टर तो रंग पीतच नाही. आणि काळ्यासाठी रंगाची पुडी नेहमीच्या दुप्पट लागते, नाहीतर वांग्यावर थांबतो.

दिवाणावर टाकायला जत-आटपाडीकडची काळी घोंगडी. चिंचोक्याच्या खळीने कडक झालेली, अंगाला बोचणारी, पण दिव्याच्या तिरप्या उजेडात तिच्यापुढे मखमल फिकी पडते. कसर लागते तेवढी, म्हणून वर्षातून दोनदा ऊन दाखवायचं. झुंबराचा खर्च तर करूच नये. माळ्यावरचा लामणदिवा काढून साखळीने टांगावा आणि त्याला चिंच-मीठ लावायचा मोह आवरावा. काळवंडलेलं पितळ हीच इथे श्रीमंती. मोडीच्या दुकानात वजनावर मिळणाऱ्या समयाही अशाच उचलाव्यात. पेटवणार असाल तर मात्र साडीच्या पडद्यापासून चार हात लांब. तसबिरींच्या जुन्या लाकडी चौकटी भंगारात मिळतात. पिंपळाखाली ठेवलेल्या देवांच्या चौकटी, कितीही छान कोरीव असल्या, तरी उचलू नयेत. गॉथिक एवढंही नको.

लाकूड घेताना ठोकून, आपटून पाहावं. पिठासारखा भुगा गळला तर किडा आत राहतोय, वस्तू तिथेच ठेवावी. चपडा पॉलिश, म्हणजे लाखेचं पॉलिश, घरी जमतं. लिटरभर स्पिरिटला दीडशे-दोनशे ग्रॅम चपडा, रात्रभर विरघळू द्यायचा, चिमूटभर काळा रंग टाकायचा आणि कापसाच्या बोळ्याने पातळ हात फिरवायचे. दमट हवेत केलं तर त्यावर पांढुरकी साय येते. पुन्हा कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा बोळा फिरवला की बहुतेक वेळा ती निघते.

आणि एक गोष्ट इथे फुकट आहे, जिच्यासाठी मोठ्या शहरातले लोक पैसे मोजतात. तासगाव, मिरज भागात जुनी द्राक्षबाग काढली की वेलींची खोडं बांधावर ढीग पडतात. वळलेली, गाठाळ, साल सुटलेली. आरशाच्या कोपऱ्यावर असं एक खोड उभं केलं आणि मागे जमिनीवर दिवा ठेवला, की भिंतीवर जे चढतं ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या सरळसोट असतात, त्या नकोत, खोडच हवं. सालीवर निळसर डाग दिसले तर ते मोरचूद-चुन्याच्या फवारणीचे. घरात आणण्याआधी ब्रशने खसाखसा धुवून आठवडाभर उन्हात टाकावं. विंचवाचीही सोय तिथेच लावलेली बरी.

राहिली धूळ. काळ्या फळीवर धुळीचा कण दिसतो, हळदीचं बोट दिसतं, उदबत्तीची राख दिसते. म्हणून स्वयंपाकघर आणि देवघर यातून सोडून द्यावं. फळ्या ओल्या फडक्याने पुसल्या तर ओघळ उठतात. कोरडं सुती फडकं बरं. मोठ्या चर्चच्या वळचणीला दगडाची अक्राळविक्राळ तोंडं असतात पाणी ओतणारी, तसलं काही विकत आणायचा विचार असेल तर थोडं थांबावं. पिवळा दिवा लागला की किडे येतात, आणि किड्यांमागे पाल येते. ती बल्बच्या वीतभर अलीकडे भिंतीला चिकटून बसते आणि तिची सावली छतावर हातभर होते, शेपटीसकट. सकाळी काळ्या फळीवर तिच्या पांढऱ्या टिकल्या पडलेल्या असतात, तेवढ्या पुसाव्या लागतात.