वाघ्या घेवडा

"ताई, पोरानं नाकात घेवडा घातलाय. लवकर या."

फोन आला तेव्हा मी वरच्या आळीत एका म्हाताऱ्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बसले होते. सप्टेंबर २०२० संपत आला होता. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चा सर्व्हे चालू होता आणि आम्ही सेविका थर्मल गन घेऊन दारोदार फिरत होतो. अंगणवाडीला मार्चपासून कुलूप होतं. पोरं घरात तुंबली होती, त्यांच्या आया वैतागल्या होत्या, म्हणून मी रोज सकाळी आयांच्या ग्रुपवर एक घरचा खेळ लिहून पाठवायचे. ते काम मला मनापासून आवडायचं. सर्व्हेच्या रकान्यांपेक्षा तर कितीतरी जास्त.

त्या दिवशीचा खेळही मीच पाठवलेला. आमचा साताऱ्यातला कोरेगाव तालुका म्हणजे वाघ्या घेवड्याचा मुलूख; हा राजम्याचाच एक प्रकार. गुलाबी दाण्यावर लालसर पट्टे, म्हणून वाघ्या. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. तेव्हा घेवडा नुकताच निघाला होता, दारोदार खळी पडलेली. म्हटलं, विकतचं काही आणायला नको, जे अंगणात आहे त्याचाच खेळ करू. लिहिलं : "परातीत घेवडा, हरभरे आणि शेंगदाणे मिसळा. मुलाला तीन वाट्या द्या आणि वेगवेगळं करायला सांगा. बोटांना वळण लागतं, डोळ्यांना फरक कळतो. मूल तासभर गुंतून राहतं, आईची कामं उरकतात."

शेवटच्या वाक्याला सगळ्यात जास्त अंगठे आले होते.

घर खालच्या आळीला. मुलाचं खरं नाव सांगत नाही, पिंट्या म्हणू. वय साडेतीन. मी पोचले तेव्हा सोप्यात अर्धी आळी गोळा झाली होती, निम्म्यांचे मास्क हनुवटीखाली. पिंट्या आजीच्या मांडीवर भोकाड पसरून बसलेला. आजीच्या हातात तपकिरीची डबी. "हुंगवते जरा. एक शिंक आली की पडतंय भाईर." चुलत सासऱ्यांनी सुनेच्या केसातला आकडा मागून घेतला होता आणि तो सरळ करत होते. शेजारची मिठाचं कोमट पाणी घेऊन उभी.

मला काय करायचं ते ठाऊक नव्हतं, हे खरं सांगते. काय करायचं नाही एवढं मात्र कळत होतं. आकडा काढून घेतला. तपकीर हुंगवायची तर पोरगं आधी श्वास आत ओढणार, दाणा आणखी वर जाणार. आणि पाणी? रात्री भिजत घातलेला घेवडा सकाळी केवढा होतो ते घरातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं, पण नाकातल्या घेवड्याला तोच न्याय लागतो हे त्या घडीला कुणाच्या डोक्यात नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, फुगंल तो." तेव्हा शेजारणीनं तांब्या खाली ठेवला.

पिंट्याची आई मोटरसायकलवर त्याला उभा धरून मधे बसली, मी तिच्या मागे. दवाखाना चार किलोमीटर. वाटेत ती मागे वळून एवढंच म्हणाली, "तासभर गुंतून राहतंय म्हणून तुम्हीच लिवलं होतं की ताई. मी शेळीला पाला टाकायला गेले परड्यात." रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर मॅडम नव्याच आलेल्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. कोविडमुळे त्यांनी आम्हाला आत घेतलंच नाही, बाहेर लिंबाखाली बाकावर बसवलं. बॅटरीनं पाहिलं. दाणा उजव्या नाकपुडीत, दिसत होता, पण ओला होऊन चकाकत होता. असल्या गुळगुळीत गोल वस्तूला चिमटा लावला की ती निसटून मागे सरकते आणि मागे सरकली तर श्वासनलिकेत जायची भीती, असं त्या म्हणाल्या. मग आईकडे वळल्या. "याचा मोठा पापा घ्यायचा. तोंडावर तोंड घट्ट ठेवा, मोकळी नाकपुडी बोटानं दाबा आणि फुंका. आधी हळू. आतून अडल्यासारखं वाटलं की एकदम जोरात." याला डॉक्टरी भाषेतसुद्धा आईचा पापाच म्हणतात म्हणे. दहात सहा वेळा निघतं, नाही निघालं तर साताऱ्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवते, असंही सांगितलं.

आई बसून राहिली. मला आधी कळेना का. मग पाहिलं, मोटरसायकल चालवत आलेले चुलत सासरे समोरच उभे होते, आणि बाईनं चेहऱ्यावरचा मास्क तर सोडाच, डोक्यावरचा पदरही ढळू दिला नव्हता. मी त्यांना गाडीची चावी राहिली का बघा म्हणून पाठवलं. चावी त्यांच्या खिशात होती, पण माणूस समजूतदार. गेले.

पहिल्या फुंकेला पिंट्या हसला. गुदगुल्या झाल्या असाव्यात. दुसऱ्या वेळी त्यानं तोंडच मिटून घेतलं. मॅडम म्हणाल्या, "आई पापा घेतेय, आ कर." तिसऱ्या फुंकेला फट् असा बारीक आवाज झाला आणि घेवडा शेंबडासकट आईच्या गालावर येऊन चिकटला. रक्ताचा एक थेंब. दाण्याची साल सुरकुतली होती, एका बाजूनं सुटायला लागली होती. अजून दोन-तीन तास गेले असते तर हा खेळ लिंबाखाली उरकला नसता.

मॅडमनी लगेच दुसरी नाकपुडी पाहिली, मग दोन्ही कान. जो एक घालतो तो कधी कधी दोन घालतो, म्हणाल्या. निघताना आणखी एक बजावलं : दाणा, मणी एक वेळ ठीक, पण खेळण्यातला, रिमोटमधला चपटा बटन सेल नाकात किंवा पोटात गेला तर घरी एक मिनिटही थांबायचं नाही, तो काही तासांत आतून भाजतो.

पिंट्याचं या कशाकडे लक्ष नव्हतं. तो आईच्या पदराला धरून मागत होता, "माझा वाघ्या दे."

त्या रात्री मी माझेच जुने मेसेज वर सरकवत वाचले. पाच महिन्यांचे खेळ. कितीतरी ठिकाणी तेच : गुंतून राहतं, शांत बसतं, त्रास देत नाही. प्रशिक्षणात आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांबद्दल शिकवलं होतं. १९४५ साली बोर्डीत त्यांनी बालवाडी सुरू केली, माँटेसोरीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, तेव्हा शिंपले, गारगोट्या, बिया वापरल्या. परीक्षेत मी हे उत्तर नेहमी पूर्ण लिहायचे. शिंपल्यांच्या शेजारी बाई स्वतः बसलेल्या असायच्या, ते मात्र उत्तरात कधी आलं नव्हतं आणि मेसेजमध्येही नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर झालेलं सगळं लिहिलं, चूक माझी म्हणून लिहिलं. पर्यवेक्षिका मॅडम ग्रुपमध्ये होत्या, त्यांचा फोन येईल असं वाटलं होतं. आला नाही. खेळ बंद करावेत असंही दोन-तीन आयांनी लिहिलं. मी बंद केले नाहीत, बदलले. तीन वर्षांच्या आतल्यांना कांदे, बटाटे, लिंबं, कपड्यांचे चिमटे : मुठीत मावेल पण तोंडात-नाकात मावणार नाही असं. शेंगदाणे तर खेळातून काढूनच टाकले, ते ठसक्याचं मूळ. भाकरी थापताना कणकेचा किंवा पिठाचा गोळा पोराच्या हातात, त्याला रंग हवा तर चिमूटभर हळद. मीठ घालायचं नाही, कारण पोरं तो गोळा खातातच, आणि उरला तर कोंबड्यांनाही टाकता येतो. भेंडीचं देठ कापलं की फुलाचा छाप निघतो, बिटाच्या रसात बुडवून. बेंदराला मातीचे बैल करतोच, तीच माती एरवीही. घमेल्यात चार बोटं पाणी, बुडतं काय आणि तरंगतं काय; उठताना घमेलं पालथं, फोन वाजला तरी आधी पालथं. आणि प्रत्येक खेळाच्या वर पहिली ओळ : शेजारी कोण बसणार?

या ओळीला अंगठे कमी यायचे. एका आईनं स्पष्ट लिहिलं, "मग कामं कधी करायची ताई?" तिच्याकडे तीन जनावरं, अंथरुणावरचे सासरे आणि जुळी पोरं. मला उत्तर सुचलं नाही. आठवडाभरानं मी तिला घेवडा नाही, नुसते लाटणं-पोळपाट सुचवले, तिच्याच चुलीपासून हातभर लांब. बरं चाललंय, म्हणाली. खरं की माझं मन राखायला, कुणास ठाऊक.

पिंट्याकडे पंधरा दिवसांनी गृहभेटीला गेले. मनात धाकधूक होती. सोप्यात आजी पाय पसरून बियाणाचा घेवडा निवडत होती आणि पिंट्या शेजारी, पुढ्यात त्याची वेगळी वाटी. मी दारातच थबकले. आजी म्हणाली, "भिऊ नगासा. मोजून वीस देते, उठताना मोजून वीस घेते."

मोजून घ्यायची वेळ माझ्यासमोरच आली. एकोणीस भरले. आजीनं पुन्हा मोजले. एकोणीस. आम्ही दोघींनी एकदमच त्याच्या नाकाकडे पाहिलं. पिंट्यानं आमच्याकडे पाहिलं, आणि डावी मूठ हळूच पाठीमागे नेली.