तालुक्याएवढा देश अन् त्याचा पेपर

पॅसिफिक महासागरात टोंगा नावाचा देश आहे, लोकसंख्या लाखभर, म्हणजे आमच्या इकडच्या एखाद्या तालुक्याएवढी, अन् तिथं राजेशाही. १९८९ मध्ये कलाफी मोआला यांनी 'ताइमी ओ टोंगा' नावाचा स्वतंत्र पेपर काढला. १९९६ मध्ये न्यायमंत्र्यावर महाभियोगाचा प्रस्ताव येणार होता, तो संसदेत मांडायच्या आधीच यांनी छापला, बस्स, संसदेचा अवमान झाला म्हणून मोआला, त्यांचे उपसंपादक अन् एक आमदार अशा तिघांना ३० दिवसांची जेल. २४ दिवसांनी कोर्टानं सोडलं.

पेपर न्यूझीलंडमध्ये छापून टोंगात यायचा, तर २००३ मध्ये सरकारनं त्याला परदेशी ठरवून बंदी घातली, कोर्टानं बंदी उठवली की पुन्हा नवी, शेवटी पेपरांवर बंधनं घालणारे कायदे केले अन् थेट राज्यघटनाच बदलली! तरी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मीडिया कायदे रद्द केले.

मला हे वाचून आमच्या वऱ्हाडातले गावोगावचे वार्ताहर आठवले. पगार नाही, जाहिरातीच्या कमिशनवर घर चालते, अन् जाहिरात देणारे तेच पुढारी, तेच ठेकेदार. रस्त्याचं डांबर पहिल्या पावसात वाहून गेलं तरी लिहाचं कसं? 'काऊन लिहिलं बे' म्हणून घरी माणसं येतात. बंदीची गरजच पडत नाही, दिवाळीची जाहिरात थांबवली की झालं. या पोरांना आधी महिन्याचं पक्कं मानधन द्या, असं मी प्रत्येक संपादकाला सांगतो अन् सांगत राहीन.