कचऱ्याच्या खोलीचे गणित

कार्यालयीन इमारतीच्या आराखड्यात पुनर्प्रक्रियेसाठी जाणाऱ्या सुक्या कचऱ्याची खोली बहुधा सर्वांत शेवटी येते. जिने, लिफ्ट, पंपरूम आणि विजेची खोली बसवून झाल्यावर जो कोपरा उरतो, त्यावर तिचे नाव लिहिले जाते. हरित प्रमाणपत्राच्या, म्हणजे इमारत पर्यावरणपूरक असल्याच्या दाखल्याच्या, कामात या खोलीचा आकार ठरवण्याची जबाबदारी माझ्याकडे येते, तेव्हा समोरून पहिली मागणी ठरलेली असते: नियमाने किती लागते, तेवढेच सांगा.

नियम क्षेत्रफळावरून उत्तर देतात. ३,५०० चौरस मीटरची आणि ३०० माणसांची इमारत धरू. ब्रीअम या ब्रिटिश हरित प्रमाणपत्राच्या पद्धतीत ५,००० चौरस मीटरपेक्षा लहान इमारतीसाठी दर १,००० चौरस मीटरमागे किमान २ चौरस मीटर जागा मागितली जाते (उपाहारगृह असेल तर आणखी तेवढीच), म्हणजे आपल्या इमारतीला ७ चौरस मीटर पुरतात. लीड या अमेरिकी पद्धतीच्या जुन्या मार्गदर्शक पुस्तिकेतील तक्त्यात १५,००१ ते ५०,००० चौरस फुटांच्या इमारतीसाठी १७५ चौरस फूट, म्हणजे सुमारे १६ चौरस मीटर सुचवलेले होते. एकाच इमारतीसाठी दोन प्रतिष्ठित पद्धती दुपटीहून अधिक तफावत दाखवतात, आणि १६,००० चौरस फुटांच्या इमारतीला जी खोली मिळते तीच ४९,००० चौरस फुटांच्या इमारतीलाही मिळते, यातच या आकड्यांची मर्यादा दिसते. कचरा फरशी करत नाही, माणसे करतात.

म्हणून मी माणसांपासून सुरुवात करतो. बीएस ५९०६:२००५ या ब्रिटिश मानकात कार्यालयासाठी दर कर्मचाऱ्यामागे आठवड्याला ५० लिटर कचरा धरला आहे. ३०० माणसांचा तो १५,००० लिटर होतो. त्यातील निम्मा सुका आणि पुनर्प्रक्रियायोग्य आहे असे मी गृहीत धरतो, आणि हे गृहीतक आहे असे अहवालात स्पष्ट लिहितो. उरले ७,५०० लिटर. कचरा सोमवारी व गुरुवारी सकाळी उचलला जात असेल, तर निम्मे-निम्मे असा हिशेब चुकतो, कारण गुरुवारी तीन दिवसांचा माल साचलेला असतो आणि सोमवारी दोनच कामाच्या दिवसांचा. तीन दिवसांचे ४,५०० लिटर म्हणजे ६६० लिटरचे सात डबे. पण गुरुवारची गाडी एकदा जरी आली नाही, तरी पूर्ण आठवड्याचा माल ठेवायला बारा डबे लागतात. असा एक डबा सुमारे एक चौरस मीटर जागा व्यापतो, आणि डबे बाहेर काढण्यासाठी, वळवण्यासाठी जवळपास तेवढीच मोकळी जागा सोडावी लागते. खोली २५-२६ चौरस मीटरची होते.

या आकड्यात सर्वांत मोठी उलथापालथ खोकी करतात. ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरचे उभे खोके ९६ लिटर जागा खाते. तेच उलगडून चपटे केले की एक मीटर बाय ८० सेंटिमीटरचा, जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा पुठ्ठा उरतो, म्हणजे ८ लिटर. बारापट फरक! त्यामुळे खोलीत शिरताच खोकी चपटी करायला एक टेबल आणि पुठ्ठे उभे ठेवायला भिंतीलगत कप्पा मी आराखड्यातच दाखवतो. कागदाचे नेमके उलटे आहे. ८० ग्रॅमच्या ए-४ कागदाचे ५०० पानांचे रीम अडीच किलोचे आणि सुमारे तीन लिटरचे असते. कपाटे रिकामी करण्याच्या दिवशी कोणी २४० लिटरचा डबा अशा गठ्ठ्यांनी नीट रचून भरला, तर वजन १८० किलोंच्या पुढे जाते, आणि चाकांच्या कचराडब्यांसाठीच्या ईएन ८४० या युरोपीय मानकानुसार त्या डब्याची भारक्षमता ९६ किलो आहे. म्हणून कागदाला मी लहान डबे देतो.

काचेचे आणि धातूचे प्रमाण कार्यालयात थोडे असते. लीडच्या चौथ्या आवृत्तीपासून बॅटऱ्या, पारा असलेले दिवे आणि ई-कचरा यांपैकी किमान दोहोंची सोयही करावी लागते. त्यासाठी कुलूप असलेले एक कपाट पुरते, मात्र लांब ट्यूब आडव्या मावतील एवढे ते रुंद हवे.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. एका इमारतीत खोलीचे क्षेत्रफळ मी चोख काढले होते, पण दार ९०० मिलिमीटरचे ठेवले. ६६० लिटरचा डबा त्यातून आडवा न होता निघतो. पुढे कचरा उचलणारी संस्था बदलली, तिने १,१०० लिटरचे डबे आणले, आणि त्यांची अरुंद बाजूही एक मीटरहून अधिक निघाली. ते डबे कित्येक महिने गाड्या लावण्याच्या जागेत उभे होते आणि हाउसकीपिंगची माणसे पिशव्या हातात घेऊन ये-जा करत होती. आता खोली आखण्याआधी मी दार, उतार आणि सर्व्हिस लिफ्ट मोजतो.

७ आणि २६ चौरस मीटर यांतला फरक बेसमेंटमध्ये साधारण दीड गाडीच्या जागेएवढा भरतो, आणि बैठकीतला वाद दर वेळी त्या दीड गाडीवरच होतो.