तुम्ही विचारलंत म्हणून : शाकुंतलाच्या सातव्या अंकाबद्दल

प्रश्न दर वेळी साधारण एकाच सुरात येतो. "एवढं वाचलेली बाई तुम्ही, आणि तुम्हाला अजून शेवट गोडच लागतो?" यातला 'अजून' मला झोंबतो. जणू सुखान्त आवडणं म्हणजे दुधाचे दात, आणि माझे पडायचे राहून गेलेत. ज्यांनी माझं जुनं काही वाचलंय ते आणखी खोलात शिरतात. "सुखान्त म्हणजे शरणागती, असं तुम्हीच लिहिलं होतंत ना? मग मध्ये काय झालं? वय?"

वय झालंच, त्याला इलाज नाही. पण मध्ये जे झालं ते वयामुळे नाही, आणि ते मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही. दर वेळी एक तयार उत्तर पुढे करते आणि सुटते.

ते तयार उत्तर आधी उरकते. 1681 साली नेहम टेट नावाच्या कवीने शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चा शेवट बदलला. त्याच्या नाटकात लिअरची धाकटी मुलगी कॉर्डेलिया मरत नाही, एडगरशी तिचं जुळतं, म्हाताऱ्याला राज्य परत मिळतं. विदूषकाला तर त्याने नाटकातून हाकलूनच दिलं. लोकांनी हे डोक्यावर घेतलं. इंग्रजी रंगभूमीवर जवळजवळ दीडशे वर्षं हेच लिअर चाललं. मॅक्रेडी या नटाने विदूषकासकट शेक्सपिअरचं नाटक परत उभं केलं ते 1838 मध्ये. आणि टेटची कड घेणारा कोण, तर इंग्रजीचा कोश रचणारा जॉन्सन. 1765च्या आपल्या आवृत्तीत तो सरळ कबूल करतो की कॉर्डेलियाच्या मरणाने आपल्याला असा धक्का बसला होता, की संपादक म्हणून भाग पडेपर्यंत ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचायची आपली छाती झाली नाही. "आता जॉन्सनलाही बाळबोध म्हणणार का?" असं मी विचारते. समोरचा गप्प होतो.

उत्तर चोख आहे, फक्त माझं नाही. टेटचं लिअर मला अजिबात आवडत नाही. मेलेल्या मुलीला उठवून बोहल्यावर चढवणं मलाही बघवत नाही. डिकन्सचं वेगळं. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा त्याचा पहिला शेवट कोरडा होता. नायक पिप जिच्यावर जीव टाकतो त्या एस्टेलाचं दुसरं लग्न झालेलं, लंडनच्या रस्त्यात पिपची नि तिची ओझरती भेट, बस. बुल्वर-लिटन या लेखकमित्राच्या सांगण्यावरून 1861 मध्ये छापताना त्याने शेवट बदलला. पडक्या बागेत दोघं भेटतात, हातात हात घेऊन बाहेर पडतात, आणि आता पुन्हा ताटातूट होईल अशी सावली पिपला कुठेच दिसत नाही. पिपला दिसत नाही, एवढंच. अख्खी कादंबरीभर ज्याला समोरची माणसं धड दिसली नाहीत त्याला. हा शेवट मला आवडतो. पण का आवडतो हे मला डिकन्समुळे कळलं नाही. ते कालिदासाच्या 'शाकुंतला'मुळे कळलं, आणि फार उशिरा.

'काव्येषु नाटकं रम्यं' हा श्लोक पाठ असतोच आपल्याला. नाटकांत शाकुंतल, शाकुंतलात चौथा अंक, चौथ्या अंकात चार श्लोक. कण्वाचा निरोप, हरणाचं पाडस, सगळे डोळे पुसतात. किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग केला तोही पहिल्या चारच अंकांचा. म्हणजे त्या रात्री शकुंतला सासरी निघाली आणि प्रेक्षक घरी गेले. (एका परीने सुखान्तच तो.) पाचव्या अंकात दरबार आहे, 'ही कोण?' आहे; त्यावर आम्ही विद्यार्थिदशेत पानंच्या पानं लिहायचो. सातवा अंक परीक्षेत आला तर फुलाचं फळ झालं, वासनेचं तप झालं, असं काहीतरी लिहून मोकळं व्हायचं. हे फुलाफळाचं प्रकरण मला तेव्हाही पचलं नाही, आताही पचत नाही.

तेवीस वर्षांची असताना मी एका निबंधस्पर्धेसाठी 'सातवा अंक : एक शरणागती' असं शीर्षक देऊन लिहिलं. मुद्दा सोपा होता. महाभारतात शापही नाही आणि अंगठीही नाही. तिथली शकुंतला भर दरबारात राजाला सुनावते, आणि आकाशवाणी झाल्यावर राजा म्हणतो, मला ठाऊक होतं, पण लोकांनी संशय घेतला असता. हा निदान खरं बोलतो. कालिदासाने त्याला शापाची पळवाट काढून दिली: तुझा दोष नाही रे, तुला आठवतच नव्हतं. मग सातव्या अंकात हा पाया पडतो, ती 'उठा' म्हणते, आणि मुलगा सिंहाच्या छाव्याचे दात मोजण्याएवढा होईस्तोवरचा सगळा हिशेब एका शब्दात मिटतो. शास्त्रही ह्याचंच. नाटकाचा शेवट म्हणजे फलागम, आणि फळ कुणाचं, तर नायकाचं. तिच्या पदरात काय पडलं हे विचारायची पद्धतच नाही. इथवर मी आजही सही करीन. पण त्याखाली मी लिहिलं होतं, "ज्या स्त्रीला स्वाभिमान नसतो तिच्याच वाट्याला सुखान्त येतो."

आता दुसरी गोष्ट. मी अकरा वर्षांची असताना माझे वडील घर सोडून गेले आणि मी एकोणीस वर्षांची असताना परत आले. कुठे होते, कुणाबरोबर होते, हे इथे सांगणार नाही, विचारू नका. दुपारची वेळ होती. आईने दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकली. मी आतून पाहत होते. भांडण होईल, निदान रडणं होईल, म्हणून वाट पाहत राहिले. काही झालं नाही. रात्री ते म्हणाले, "तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं." आई म्हणाली, "हात धुऊन घ्या, वाढते."

निबंध वाचायच्या दिवशी आई आली. अर्धी रजा काढून आली, ठेवणीतली साडी नेसून तिसऱ्या रांगेत बसली. मी वाचत गेले. ते वाक्य आलं तेव्हा मी जरा थांबले, सभेत परिणामासाठी थांबतात तशी, आणि मग स्पष्ट, सावकाश वाचलं. टाळ्या पडल्या. लोकांना मी इतकी वर्षं सांगत आले की ते वाक्य साहित्याबद्दल होतं, आईचं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. नाही. लिहितानाच ठाऊक होतं. ती येणार हे कळल्यावर मी ते खोडू शकले असते, दोन दिवस हातात होते. मी वही उघडली, वाक्य परत वाचलं आणि 'तिच्या' होतं तिथे 'तिच्याच' केलं.

दुसरं बक्षीस मिळालं. एक फाउंटन पेन. घरी चालत येताना आईने ती डबी हातात धरली होती. बरंच अंतर कुणी बोललं नाही. मग ती म्हणाली, "छान वाचलंस." आणखी थोडं चालल्यावर म्हणाली, "मग त्या अंगठीचं काय झालं?"

"कसल्या?"

"ती सापडते ना, कोळ्याला. राजा तिला परत देतो का?"

मी म्हटलं, "देत असेल. घातली असेल तिने. शेवट गोड आहे ना!"

"हं," ती म्हणाली. पुन्हा तो विषय तिने कधी काढला नाही.

'असेल' म्हणाले, कारण मला ठाऊक नव्हतं. इथे माझी सर्वांत मोठी लाज आहे, वाक्याहूनही मोठी असं मला कधीकधी वाटतं. सातव्या अंकावर बक्षीस घेणाऱ्या मुलीने सातवा अंक मुळातून वाचलेला नव्हता. पाचवा वाचला होता, चौथा पाठ होता. सातव्याचा मार्गदर्शकातला दीड पानाचा सारांश वाचला होता. त्यात 'पुनर्मीलन होते' एवढंच होतं.

अकरा वर्षांनी शिकवायची पाळी आली तेव्हा टीपांची आवृत्ती घेऊन ओळ न् ओळ वाचायला बसले. मळकी वस्त्रं, व्रताने उतरलेला चेहरा, केसांची एकच वेणी, अशी ती येते. मुलगा विचारतो, आई, हा कोण? ती म्हणते, बाळा, आपल्या नशिबाला विचार. 'तुझे बाबा' म्हणत नाही. मग राजाच्या बोटातली अंगठी तिला दिसते. राजा म्हणतो, वेलीने आता वसंताची खूण म्हणून फूल धारण करावं. बोलण्यात तो पटाईतच. आणि ती तिच्या प्राकृतात म्हणते (खाली संस्कृत छाया दिलेली होती): 'नास्य विश्वसिमि'. हिच्यावर माझा विश्वास नाही. आर्यपुत्रांनीच ती घालावी.

मी पेन्सिल खाली ठेवली. पुढे पाहिलं तर तेवढ्यात इंद्राचा सारथी मातली येतो, विषय बदलतो. अंगठी त्याच्याकडेच राहते. थोड्या वेळाने शापाची हकीगत कळते, तेव्हा सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. तीही म्हणते, बरं झालं, यांनी विनाकारण टाकलं नव्हतं. पण लगेच मनाशी म्हणते, मला शाप मिळाल्याचं तर काही आठवत नाही. सगळ्यांना पटलेल्या खुलाशाला तिची ही एक बारीक कुसळ. आणि खुद्द राजाचं भरतवाक्य, नाटकाच्या शेवटची ती प्रार्थना? बायको मिळाली, मुलगा मिळाला, राज्य आहेच, आणि हा शिवाकडे मागतो काय, तर पुन्हा जन्म नको.

माझ्यातली तेवीस वर्षांची मुलगी इथे उसळून उठते. म्हणते, एक ओळ सापडली म्हणून अख्खा अंक माफ? विश्वास नाही म्हणाली आणि गेलीच ना त्याच्या रथातून? गेली. मग तुझ्या 'नास्य विश्वसिमि'ला काय अर्थ? मला उत्तर देता येत नाही. एवढंच म्हणते, की विश्वास नसताना जाणं आणि विसरून जाणं या दोन गोष्टी मी एक धरल्या होत्या. मुलगी म्हणते, राजवाड्यात पोचल्यावर फरक काय पडला? तेही मला ठाऊक नाही. पण 'एकच प्याला'त सिंधू मरते, सुधाकर मरतो आणि आपण रडून हलके होऊन उठतो. मेलेली सिंधू आपल्याला पुढे काही विचारत नाही. शकुंतलेला दुसऱ्या दिवशी सकाळी उठायचं आहे, त्याच माणसासमोर. दुःखान्तच तेवढे प्रौढ, हे मला कुणी शिकवलं कोण जाणे. मीच स्वतःला शिकवलं असेल. घरात सुखान्त चालू होता आणि मला तो बघवत नव्हता.

आई तेव्हा होती. ती ओळ सापडली त्याच रात्री फोन करून सांगता आलं असतं, 'अगं, घातली नाही तिने अंगठी.' नाही सांगितलं. सांगायचं तर ते वाक्य कुणाबद्दल होतं हेही सांगावं लागलं असतं. पुढच्या सुट्टीत सांगू, असं करत नऊ वर्षं गेली आणि मग आई गेली.

घरात एक कपाट होतं. त्यात तिचं पासबुक, तिचे दोन दागिने, कागदपत्रं. वडील घर सोडून गेले त्याआधी त्या कपाटाच्या दोन किल्ल्या होत्या, एक त्यांची, एक तिची. ते परत आल्यावर एकच राहिली आणि ती तिच्याजवळ. त्यांना काही हवं असलं की म्हणायचे, "जरा कपाट उघडून दे." ती हातातलं काम टाकून उठायची, कपाट उघडायची, त्यांचं होईपर्यंत शेजारी उभी राहायची, बंद करायची, किल्ली कमरेला. मी वर्षानुवर्षं हे पाहिलं आणि दर वेळी मनात म्हटलं, कशी नोकरासारखी उठते. माझी मूळ वाचायची तऱ्हा ही अशी.

आता तुम्ही म्हणाल, वा, छान जुळलं, अंगठी आणि किल्ली. मलाही काही वर्षं तसंच वाटत होतं आणि बरं वाटत होतं. पण वडिलांच्या शेवटच्या वर्षी, ते अंथरुणाला खिळल्यावर, एकदा मी घरी गेले तर त्यांच्या उशाशी खिळ्याला ती किल्ली टांगलेली. आईला विचारलं, "ही इथे?" ती म्हणाली, "असू दे." त्यांना कुशीवर वळायलाही माणूस लागत होतं. त्या किल्लीने कपाट उघडणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं, हे तिला माहीत होतं, त्यांनाही होतं.

म्हणून ठेवली की तरीही ठेवली, हे मी तिला विचारलं नाही. ते गेल्यावर तेराव्यानंतर मी निघाले तेव्हा किल्ली त्याच खिळ्याला होती.