सांध्यात भुसा

आपल्या शाळेत आमच्या वेळी कार्यानुभवाच्या तासाला मुलींनी शिवणाच्या खोलीत जायचं आणि मुलग्यांनी मागच्या कौलारू शेडमध्ये, असा रिवाज होता. मला काजं करण्याचा भयंकर कंटाळा. आठवीत असताना मी एक दिवस सरळ शेडमध्ये जाऊन उभी राहिले. सुतारकामाच्या सरांनी वर बघितलं, कोपऱ्यातला रंधा माझ्या हातात दिला आणि पुन्हा आपल्या कामाला लागले. परवानगी म्हणतात ती एवढीच. शिवणाच्या बाई पुढे महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

पहिल्याच सत्रात दोन पट्ट्यांचा अर्ध्यास अर्धा सांधा करायचा होता. माझी खाच रुंद झाली. मी शहाणपणा केला: रंध्याखालचा भुसा सरसात कालवून फटीत भरला आणि वरून पॉलिशपेपर मारला. लांबून काही कळत नव्हतं. सरांनी तो हातात घेतला, फक्त अंगठ्याचं नख फटीवरून फिरवलं आणि सांधा गुडघ्यावर आपटून मोकळा केला. "भुसो घालून सांदो बसता गे?" सर वर्गात मराठी बोलत, पण मनापासून काही सांगायचं झालं की कोकणीवर येत.

मग त्यांनी दाखवलं. एका लाकडावर पेन्सिलीचं शिसं घासायचं, सांधा हलक्या हाताने ठोकायचा, परत काढायचा. दुसऱ्या लाकडावर जिथे काळं उमटलं, तेवढंच पटाशीने काढायचं. पुन्हा ठोकायचं. सबंध तास गेला तरी बेहत्तर.

स्मरणिकेसाठी आठवणी मागितल्या तेव्हा स्नेहसंमेलन, सहल, बक्षीस समारंभ असं लिहायचं ठरवलं होतं. पण गेली काही वर्षं ज्या गोष्टीत माझा जीव अडकलाय, ती त्या शेडमधूनच निघाली आहे, तेव्हा तिच्याबद्दलच लिहिते. मी इलेक्ट्रिक गिटार बनवली.

आमचं घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं, भजनी. वडिलांची पेटी, काकांचं घुमट हे मातीचं तालवाद्य, गाणं म्हटलं की केरीच्या केसरबाईंपासून सुरुवात. पण शेताच्या पलीकडच्या वाड्यावर लग्न असलं की रात्री बँडच्या गिटारीचा आवाज पाणंदीवरून यायचा, तो मी खिडकीत बसून ऐकायची. कुणाला सांगितलं नव्हतं. २०२० च्या टाळेबंदीत माळ्यावर जुन्या दाराची फणसाची फळी सापडली. चांगली पावणेदोन इंच जाड, आतून अजून हळदीसारखी पिवळी. तीच गिटारीचं अंग झाली. मान मात्र तयार आणली, मेपलची. मान वाकू नये म्हणून आत घालतात ती सळी बसवणं आणि बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, ठोकणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं, हे कबूल करते.

तयार मान आणली की काम सोपं होतं असं वाटतं. तिथेच फसायला होतं. १९५० च्या सुमारास लिओ फेंडर या अमेरिकन गिटार बनवणाऱ्याने मान चार स्क्रूंनी जोडलेली गिटार बाजारात आणली. मान बिघडली तर ती काढून दुसरी लावता येते. पण स्क्रू फक्त धरून ठेवतात. मान नीट बसवायचं काम अंगातल्या खाचेचं. खाच हवी होती ५६ मिलिमीटर रुंद, ७५ लांब, १६ खोल. माझी झाली साडेसत्तावन्न रुंद आणि १७ खोल. पटाशीला दोष देत नाही, हात माझाच.

रुंदीने काय होतं? मान डावी-उजवीकडे डुलते. मासे गरवायची तंगूस घेतली, नटापासून, म्हणजे खुंट्यांकडे तारा टेकतात त्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंत, म्हणजे आपल्या तंबोऱ्याच्या घोडीसारख्या भागापर्यंत, दोन्ही कडेच्या तारांच्या जागी ताणली. एका बाजूला तंगूस मानेच्या काठावरून जवळजवळ खाली उतरत होती. अशा गिटारीवर बारीक तार दाबली की ती काठावरून घसरते. मला आठवीतला भुसा आठवला. हातही गेला होता सरसाच्या डबीकडे. मग त्याच फळीची पातळ पट्टी काढली, खाचेच्या भिंतीला उभी चिकटवली, दुसऱ्या दिवशी शिसं घासून घासून तासली. सहा वेळा मान आत-बाहेर केली. शेवटी ती न ठोकता, अंगठ्याने दाबून आत गेली आणि उलटी धरली तरी पडली नाही.

खोलीचा प्रश्न जास्त वाईट. मान एक मिलिमीटर खाली बसली, म्हणजे ब्रिजपाशी तारा तेवढ्याच वर राहिल्या. ब्रिजवरचे बारीक स्क्रू तळाला टेकवले तरी बाराव्या फ्रेटवर तार २.६ मिलिमीटर उंच. वाजवायला १.८ च्या आसपास बरी, हातखंडा असलेले १.६ ठेवतात. २.६ वर माझी बोटं तासाभरात रडायला लागली.

उपाय जुना आहे: खाचेत ब्रिजच्या बाजूला पाचर घालायची. मानेचं बूड तिकडून उचललं जातं, खुंट्यांकडचं टोक मागे झुकतं आणि तारा फ्रेटांच्या जवळ येतात. किती जाड पाचर? इथे गणिताच्या बाई आठवल्या. समरूप त्रिकोण! खाच ७५ लांब, खाचेच्या पुढच्या काठापासून ब्रिज सुमारे २५५. म्हणजे पाचरीच्या जाडीच्या ३.४ पट फरक ब्रिजपाशी, आणि बारावा फ्रेट नट व ब्रिजच्या बरोबर मध्ये असल्यामुळे तिथे त्याच्या निम्मा. ०.७ मिलिमीटरच्या पाचरीने बाराव्या फ्रेटवर जवळपास १.२ चा फरक. वहीत हे मांडलं तेव्हा मला, या वयात, टाळी वाजवावीशी वाटली.

पहिल्यांदा व्हिजिटिंग कार्डाचे तुकडे घातले. चालतात, पुष्कळ लोक तेच करतात. पण मान मग दोन टोकांवर टेकते, मधे पोकळी राहते, आणि स्क्रूंच्या ताणाने कालांतराने शेवटच्या फ्रेटांपाशी उंचवटा येऊ शकतो. शिवाय नख फिरलं असतं तर? म्हणून शिसमाची पट्टी घेतली, सपाट फळीवर दुहेरी चिकटपट्टीने बसवली आणि एका टोकाला ०.७, दुसऱ्याला कागदाहून पातळ अशी घासत आणली. खाचेच्या पूर्ण तळाला टेकणारी. तीन मोडल्या, चौथी जमली. त्यानंतर ब्रिजचे स्क्रू उलट थोडे वर घ्यावे लागले. १.८.

मानेतल्या सळीचं वेगळंच. पावसाळ्यात आपल्याकडे दारं फुगतात, तशी मानही हलते. कधी जुलैत सळीचा स्क्रू पाव आटा फिरवायचा, कधी जानेवारीत. ते आता सवयीचं झालंय.

मागच्या चवथीला गिटार घेऊन सरांकडे गेले. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची मांडणी, नुकती बांधून झाली होती, घरभर निरफणसांचा आणि सुपाऱ्यांचा वास. सरांचे हात आता थरथरतात. वाजवून दाखव, असं ते म्हणाले नाहीत. सांध्यावरून नख फिरवलं, आणि मुलाला स्क्रूड्रायव्हर आणायला सांगितलं. मी तारा सैल केल्या. चारी स्क्रू काढून त्यांनी मान उचलली, एक स्क्रू खाचेच्या भोकात टाकून बघितला. तो सुळकन खाली गेला. "अंगात आटे नाहीत, फक्त मानेत. बरोबर." दोन्हीकडे आटे धरले तर मान कधी दाबून बसतच नाही, हे मला एक गिटार फुकट घालवून कळलं होतं. त्यांना बघताक्षणी कळलं.

मग पाचर काढून उजेडात धरली.

"रंध्याने केलीस?"

"हो."

त्यांनी अंगठा फिरवला. "पेपराने."

मी गप्प. सरांनी पाचर जागेवर ठेवली, मान बसवली, स्क्रू तिरपे तिरपे, एकाआड एक आवळले. "तारा घरी जाऊन लाव," म्हणाले. "आता हात धू. पानं मांडलीत."

— एक माजी विद्यार्थिनी, दहावी १९८९