गाडी विकायची की ठेवायची?
बऱ्याच कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर वॉरंटी देतात. आमच्या इलेक्ट्रिक गाडीची ती मुदत संपली, तेव्हापासून घरात हाच विषय. आज बॅटरी तपासून घेतली. क्षमता घटलीय, पण एकही सेल (अशा अनेक छोट्या बॅटऱ्या जोडून गाडीचा बॅटरी पॅक बनतो) बाकीच्यांपेक्षा फार मागे पडलेला नाही. मला खरी भीती त्याचीच होती, कारण एक सेल कमजोर पडला की अख्ख्या पॅकची रेंज तोच ठरवतो.

विकायला काढली तर घेणारा याच भीतीने भाव पाडणार. लांबच्या प्रवासाला आता ती पुरत नाही, हे खरं. पण रोजच्या ऑफिसला, मुलीच्या शाळेला आरामात पुरते. जीवही जडलाय तिच्यावर. ठेवतोय. रोजचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं, फास्ट चार्जिंग गरजेपुरतंच.

वॉरंटीनंतर पूर्ण पॅक न बदलता फक्त खराब मॉड्यूल (म्हणजे सेलचा एक गट) बदलून घेतलंय का कुणी? अनुभव नक्की सांगा.