आमची वाटचाल : दोन सुतांचा फरक

२००९ साल डेट्रॉईटकर विसरणार नाहीत. एप्रिलच्या शेवटी क्रायस्लरने आणि १ जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. मी सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत सस्पेन्शनचं काम बघत होतो. आमचा अख्खा विभागच बंद झाला. घराचे हप्ते चालू, पदरात दोन मुलं. कोल्हापूरला परत जायचं का, हा विषय रोज जेवताना निघायचा. शेवटी ही म्हणाली, "तुमच्या हातात काम आहे. ते तिथे काय नि इथे काय, एकच. आधी इथे करून बघा."

पुढच्या मार्चमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूजवळ, डेट्रॉईटला लागून असलेल्या फर्नडेलला, दोन गाड्या मावतील एवढी जागा भाड्याने घेतली. एक लिफ्ट, एक जुना कॉम्प्रेसर आणि वडिलांनी दिलेला मायक्रोमीटर, एवढ्यावर सुरुवात. नव्या गाड्यांच्या सर्व्हिसिंगला आसपास गॅरेजं भरपूर होती. पण या भागात घरोघरी ताडपत्रीखाली एक जुनी गाडी असते. कुणाकडे शेवेल, कुणाकडे जीटीओ, कुणाकडे चॅलेंजर. १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी या गाड्या वुडवर्डवर उतरतात, फर्नडेलपासून पार पॉन्टिअ‍ॅकपर्यंत. हीच वुडवर्ड ड्रीम क्रूझ. त्या एका दिवसासाठी माणसं हिवाळाभर खपतात. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं मागणं एकच असायचं : मागे रुंद टायर बसवून द्या.

ही नुसती हौस नाही. १९७० च्या शेवेल एसएसमध्ये ४५४ घनइंचाचं, म्हणजे जवळजवळ साडेसात लिटरचं इंजिन मिळायचं. त्यातलं सगळ्यात तगडं कंपनीच्याच आकड्यानुसार ४५० हॉर्सपॉवरचं. आणि एवढी ताकद रस्त्यावर उतरवायला टायर कुठला, तर एफ७०-१४. आजच्या हिशेबात साधारण २१५ मिलिमीटर रुंदीचा. अ‍ॅक्सिलरेटर जरा जोरात दाबला की मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि धूर निघतो. गाडी मात्र पुढे सरकत नाही.

आमचं पहिलं मोठं काम अशीच एक शेवेल होती. मालक कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा. त्यांना १५ इंची रिमवर २७५ चे टायर हवे होते. मी डाव्या बाजूला टेप लावला. आत चॅसीपर्यंत आणि बाहेर फेंडरपर्यंत, म्हणजे चाकावरच्या पत्र्यापर्यंत, जागा पुरेशी दिसली. रिम मागवल्या, टायर चढवले, गाडी दिली. चौथ्या दिवशी आजोबा परत आले. मागच्या सीटवर दोन नातवंडं बसवली आणि रस्त्यातल्या खड्ड्यात उजवं चाक फेंडरच्या आतल्या दुमडीला घासलं. टायरच्या खांद्यावर पत्र्याने कातरल्यासारखी गोल रेघ उठली होती. बोट फिरवलं तर नख अडकत होतं.

गाडी लिफ्टवर घेऊन दोन्ही बाजू मोजल्या. मागचा अ‍ॅक्सल बॉडीच्या मानाने पाव इंच उजवीकडे होता. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या भाषेत दोन सूत. म्हणजे दोन बाजूंच्या फटींत चार सुतांचा फरक! शेवेलसारख्या गाड्यांची बॉडी चॅसीवर रबरी बुशांवर बसलेली असते. चाळीस वर्षांत ती रबरं दबतात, सस्पेन्शनच्या आर्मची बुशं झिजतात, आणि कारखान्यातून बाहेर पडतानाही सगळ्या गाड्या काटेकोर मध्यावर नसायच्या. माझे वडील ऑइल इंजिनचे भाग करायचे. शाफ्ट दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजल्याशिवाय लेथवरून उतरवत नसत. ते बघत मी लहानाचा मोठा झालो, आणि एकाच बाजूच्या मापावर दुसऱ्याची गाडी रस्त्यावर सोडली. खड्डा आणखी खोल असता तर टायर फुटला असता, मागे मुलं बसलेली होती. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला कामावर घेताना सांगतो.

टायरचे पैसे आम्ही सोसले. आणि त्या आठवड्यात मापाचा कागद तयार केला. एका गाडीला बारा खाने. डावीकडे, उजवीकडे, आत, बाहेर, वर. गाडी जमिनीवर उभी असताना आणि अ‍ॅक्सल वर दाबलेला असताना. फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडतो, गवंडी सोडतो तसाच. स्प्रिंग काढून अ‍ॅक्सल जॅकने वर नेतो. आधी दोन्ही चाकं, मग एकेक, कारण वळणावर गाडी कलते तेव्हा खरी परीक्षा असते. शेवटी फेंडरच्या दुमडीवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीची वळी चिकटवून गाडी फिरवून आणतो. माती किती दबली ते बघितलं की वाद उरत नाही.

गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो बॅकस्पेसिंग समजायला. रिम हबवर जिथे टेकते तिथपासून तिच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर, एवढाच त्याचा अर्थ. सात इंची रिमच्या जागी आठ इंची घेतली आणि बॅकस्पेसिंग तेच ठेवलं, तर वाढलेला अख्खा इंच बाहेर, फेंडरकडे जातो. तेच चार सूत वाढवलं तर अर्धा आत, अर्धा बाहेर. रिम मागवण्याआधी हे ठरवायचं असतं. नंतर स्पेसर, म्हणजे रिम आणि हबच्या मध्ये घालायची चकती, लावून निभावून न्यायला लोक सांगतात, ते आम्ही सहसा करत नाही. शेवेलचे बोल्ट ७/१६ इंची. नटाने निदान बोल्टच्या व्यासाइतके आटे धरलेच पाहिजेत, आणि जाड स्पेसर तेवढे ठेवत नाही.

स्पीडोमीटरचंही आधीच सांगतो. मूळ टायर २६ इंच उंच, २७५/६० आर १५ हा २८ इंच. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६५ च्या घरात असते. गिअरबॉक्समधला छोटा प्लास्टिकचा गिअर बदलला की काम होतं.

नाही म्हणणं मात्र जड जातं. एक तरुण वडिलांची १९६९ ची कॅमॅरो घेऊन आला होता, २९५ चे टायर हवेत म्हणून. चाकाच्या कमानीचा आतला पत्रा कापून रुंद केल्याशिवाय ते बसले नसते. गाडीवर लोहचुंबक फिरवलं तर कुठेही पुट्टी नाही. हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकतात त्या मिशिगनच्या रस्त्यांवर पन्नास वर्षं काढून मूळ पत्रा शाबूत! मी म्हटलं, हा पत्रा मी कापणार नाही, २४५ बसवतो. तो रागावून गेला. दोन महिन्यांनी आला आणि २४५ बसवून घेतले. कुणी कमान कापूनच घ्यायची ठरवली असेल आणि पत्रा आधीच बदललेला असेल तर आम्ही तेही काम मनापासून करतो, पण मूळ पत्र्याला हात लावताना माझा जीव वरखाली होतो.

२०२० ला क्रूझ रद्द झाली आणि आमची त्या मोसमाची कामंही. ती दोन वर्षं हिने हिशेब कसे जमवले ते तिलाच ठाऊक. आता शेजारचा गाळाही आमच्याकडे आहे, दोघं जण कामाला आहेत, आणि मापाच्या कागदांच्या तीन जाड फायली झाल्या आहेत. खंडेनवमीला त्या फायलींनाही हळदकुंकू लावतो, मायक्रोमीटरशेजारी.

सध्या लिफ्टवर १९६८ ची रोड रनर आहे. मागे गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी पाटे आहेत, त्यामुळे आतल्या बाजूला जागा आणखीच कमी. थोरली मुलगी शनिवारी येते, तिने काल माप घेतलं : टायर आणि पाट्यामधली फट डावीकडे सात सूत, उजवीकडे पाच. मालकाने रिमा आधीच बघून ठेवल्या आहेत आणि रोज फोन करतो. कागदावरचे दोन खाने अजून रिकामे आहेत, ते भरले की त्याला कळवू.